पुस्तकात नसलेला कायदा

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या वरच्या अंगाच्या शेततळ्याचा बांध फुटला आणि आमचे दीड एकर सोयाबीन चिखलाखाली गेले. आबांनी मला विचारले, "तू कालिजात जातूस, ह्याचा कायदा कुठल्या पुस्तकात हाय?" मी ग्रंथालयात दोन दिवस शोधले आणि "असा कायदाच नाही" असे सांगून मोकळा झालो. घरात दुसरे कोणी शिकलेले नसल्याने माझे म्हणणे खरे धरले गेले. ते चुकीचे होते, म्हणून हा लेख.

आपल्याकडे गुन्ह्यांची संहिता आहे, करारांचा १८७२ चा कायदा आहे. पण एकाच्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई केव्हा द्यावी, हे सांगणारी सर्वसाधारण संहिता नाही. या भागाला अपकृत्यांचा कायदा म्हणतात आणि तो बहुतांशी न्यायाधीशांच्या निकालांतून घडला आहे. एका खटल्यात निकालाचे जे कारण दिले जाते, ते पुढच्या तशाच खटल्यात नियम होऊन बसते. इंग्रजी अमदानीत हे नियम इकडे आले. राज्यघटनेच्या कलम ३७२ ने जुना कायदा चालू ठेवला, तर कलम १४१ ने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा इतर सर्व न्यायालयांवर बंधनकारक केला.

गंमत अशी, की यातला एक फार गाजलेला खटला पाण्याचाच आहे. लँकेशायरमधील गिरणीमालक रायलंड्स याने तळे बांधविले. त्याचे पाणी जुन्या भुयारांतून फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत घुसले. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्सला, त्याची स्वतःची हयगय नसतानाही, जबाबदार धरले. वाचून वाटले, आबांचे काम झाले! पण १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास रेल्वे कंपनी आणि एका जमीनदाराचा खटला आला. जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. न्यायाधीश म्हणाले, या देशात तलाव शेतीसाठी आवश्यक आहेत, ते राखणे जमीनदाराचे कर्तव्य आहे. तेव्हा निष्काळजीपणा नसेल तर भरपाई नाही. मुलूख बदलला तसे मापही बदलले.

पुढे उलटेही घडले. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. भोपाळला तेव्हा एकच वर्ष झाले होते. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने सांगितले, की धोकादायक उद्योगाला रायलंड्सच्या नियमातले अपवादसुद्धा मिळणार नाहीत. १९९१ साली संसदेने सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा करून, अशा अपघातात चूक सिद्ध न करताही ठराविक मदत देण्याची सोय केली. न्यायालयाने वाट पाडली, लेखी कायदा मागून आला. संसदेने लेखी कायदा करून न्यायाधीशांचा नियम बदलला, तर घटनेच्या मर्यादेत तो लेखी कायदाच चालतो.

आमच्या प्रकरणात मग निष्काळजीपणाच दाखवावा लागेल. त्या तळ्याला सांडवा ठेवलाच नव्हता, हे गावातल्या चौघांनी पाहिले आहे. हक्क निकालांतून आलेला, पण दाव्याची मुदत मात्र १९६३ च्या लेखी कायद्यातून मोजायची. ती अशा दाव्याला साधारणतः तीन वर्षे आहे.

दिवाळीच्या सुटीत हे सारे आबांना सांगितले. ते म्हणाले, "मंजी तवा तू सांगितलंस ते खोटं व्हतं." तळेवाले आमच्या भावकीतलेच आहेत. आबांनी अजून काही ठरवलेले नाही.