निहाऊच्या शंखमाळा : किंमत नेमकी कशाची?

लाटेबरोबर किनाऱ्यावर आलेला, मिरीच्या दाण्याएवढा शंख. त्याला खाण खणावी लागत नाही, कच्च्या मालाचे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही अशा शंखांची ओवलेली माळ हजारो डॉलरला जाते आणि घेणारा ती सोन्याच्या दागिन्यासारखी तिजोरीत ठेवतो, असे सांगितले तर आमचे कारागीर बांधव हसतील. आपल्याकडे क्षुल्लक वस्तूला कवडीमोल म्हणण्याचा रिवाज आहे. परंतु ही गोष्ट खरी आहे, आणि ज्यांच्या घरात हाताचे काम चालते त्यांच्या उपयोगाची आहे. म्हणून आज कापडाचा विषय बाजूला ठेवून आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे हे अमेरिकेचे एक राज्य आहे. तेथे गळ्यात घालण्याच्या माळेला 'लेई' म्हणतात. पाहुणा आला, लग्न झाले, मूल जन्मले, मुलगा परीक्षा पास झाला की लेई घालतात. दिलेली लेई नाकारणे किंवा देणाऱ्यासमोर काढून ठेवणे हा त्याचा अपमान समजला जातो. बहुतेक लेई फुलांच्या असतात. आपला मोगरा तेथे फार लाडका आहे. त्याला ते 'पिकाके' म्हणतात, म्हणजे मोर. राजकन्या काइउलानी हिला मोर आणि मोगरा दोन्ही आवडत, म्हणून फुलाला पक्ष्याचे नाव मिळाले.

निहाऊ हे या बेटांपैकी एक लहान बेट. शेजारच्या काउआई बेटाचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे निहाऊ कोरडे आहे. फुलांची तेथे वाण. मग लोकांनी समुद्र जे देतो त्याच्याच माळा केल्या. फूल संध्याकाळपर्यंत सुकते, शंख सुकत नाही. त्यामुळे फुलाच्या लेईचा मान शंखाच्या लेईला मिळालाच, शिवाय ती आजीकडून नातीकडे जाऊ लागली. राणी कापिओलानी हिच्या जुन्या छायाचित्रात अशा माळांचे लांब सर गळ्यात दिसतात.

आता कामाकडे वळू. मुख्य शंख तीन जातींचे. 'मोमी' म्हणजे मोती. हा त्यातल्या त्यात मोठा, कधी पांढरा, कधी तपकिरी नक्षीचा. 'लाइकी' म्हणजे तांदूळ. नावाप्रमाणेच तांदळासारखा, चकचकीत. तिसरा 'काहेलेलानी', निहाऊच्या एका प्राचीन सरदाराच्या नावाचा. तो जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरचा. तपकिरी, हिरवट, गडद लाल अशा अनेक छटांत तो मिळतो. गडद गुलाबी सर्वांत दुर्मीळ, म्हणून सर्वांत महाग.

हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, समुद्र खवळतो आणि मोठ्या लाटा शंख किनाऱ्यावर टाकतात. बायका, पुरुष, मुले वाळूत बसून, कधी आडवी पडून, एकेक शंख वेचतात. तासन्‌तास वेचल्यावर मूठभर माल. घरी आल्यावर प्रतवारी सुरू होते. टवका उडालेला बाजूला, छिद्र पडलेला बाजूला, उन्हाने रंग उडालेला बाजूला. राहिलेल्यांची रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वाटणी. मग आतली वाळू काढून बारीक टोचणीने भोक पाडायचे. आमच्या कोणत्याही आरीकाम करणाऱ्याला विचारा, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या कठीण वस्तूला भोक पाडताना किती नग फुटतील! तेथेही फुटतात, आणि वेचण्याची सारी मेहनत त्या एका दाबात जाते.

पूर्वी ओवण्यासाठी 'ओलोना' नावाच्या झाडाचा चिवट धागा वापरीत, आता नायलॉनचा. ओवण्याच्या तऱ्हा अनेक. एका तऱ्हेला पिकाकेच म्हणतात, कारण माळ मोगऱ्याच्या कळ्यांच्या गजऱ्यासारखी दिसते. दोन टोके जुळतात तेथे कवडी लावतात, म्हणजे गाठ झाकली जाते. मोठ्या माळेत शंखांची संख्या हजारांवर जाते. एकाच छटेचे आणि एकाच मापाचे इतके दाणे जमण्यास कधी एक हंगाम पुरतो, कधी अनेक वर्षे लागतात. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देतो ते शंखाचे नव्हे. त्या माळेसाठी जे शंख बाजूला टाकले गेले, त्यांचेही दाम तो देतो. कापडातसुद्धा एका रंगाचे शंभर वार आणि जवळपास त्याच रंगाचे शंभर वार यांच्या भावातला फरक आमच्या लाइनमधल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

याच हवाईच्या नावाने दुसरी एक शंखमाळ जगभर खपली. 'पुका' म्हणजे भोक. शंकूच्या आकाराच्या शंखाचे टोक लाटांनी घासून मधोमध आपोआप भोक पडते, त्या चकत्यांची ही माळ. १९७० च्या दशकात अमेरिकेत तिची फॅशन आली. मागणी वाढली, तेव्हा यंत्राने कापलेल्या चकत्या आल्या, मग प्लॅस्टिकच्या आल्या, आणि माळ खेळण्याच्या भावाला आली. लाटेने घासलेली अस्सल चकती आणि कारखान्यातली चकती यांत फरक सांगणारे कोणी उभे राहिले नाही.

निहाऊच्या बाबतीतही धोका होता. फिलिपाइन्समधून स्वस्त शंखमाळा हवाईत येतात आणि पर्यटक त्या खुशीने घेतात. त्यात काही गैर नाही. गैर आहे ते दुसऱ्या शंखावर निहाऊचे नाव लावण्यात. यासाठी २००४ मध्ये हवाई राज्याने कायदा केला आणि राज्यपाल लिंडा लिंगल यांनी त्यावर सही केली. आमच्या मते हा कायदा माळेपेक्षा वेचणाऱ्याच्या रोजीचे रक्षण करतो. पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेच्या नावाने काय काय विकले जाते हे पाहिलेल्या व्यापाऱ्याला त्याचे मोल कळेल. आता चांगला दुकानदार माळेबरोबर खात्रीपत्र देतो.

रोजीचा प्रश्न लहान नाही. निहाऊ हे खासगी मालकीचे बेट आहे. १८६४ मध्ये एलिझाबेथ सिंक्लेअर या बाईंनी ते राजा पाचवा कामेहामेहा याच्याकडून दहा हजार डॉलरला घेतले, आणि आजही ते त्यांच्या वंशजांकडे, रॉबिन्सन घराण्याकडे आहे. बाहेरच्या माणसाला तेथे परवानगीशिवाय जाता येत नाही. बेटावरचे लोक घरात आजही हवाईयन भाषा बोलतात. गुरे-मेंढ्या पाळण्याचा मालकांचा धंदा तेथे लोकांना काम देत असे, तो तोट्यामुळे १९९९ मध्ये बंद झाला. त्यानंतर घरखर्चाला माळांचा आधार अधिकच महत्त्वाचा झाला. २०१० च्या जनगणनेत बेटावर १७० माणसे होती, २०२० मध्ये ८४. काही कुटुंबे काउआईत राहतात आणि तेथे ओवण्याचे काम करतात. विक्रीही मुख्यतः तेथील दुकानांतूनच होते. साधी एकपदरी माळ काही शे डॉलरपर्यंत मिळते. गुलाबी काहेलेलानीची अनेकपदरी माळ हवी असेल तर मात्र पुष्कळदा आधी नाव नोंदवून थांबावे लागते.