बेताच्या खर्चातील ध्वनिमुद्रण : कंडेन्सर माईक निवडताना

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडविले. बुवांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकावयास मिळत नाही. वास्तविक ध्वनिमुद्रणाचे यंत्र हिंदुस्थानात तोवर येऊन पोहोचले होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरलेही होते. यंत्र असूनही आवाज हरपतो तो असा.

आज यंत्राची वाण नाही. ओव्या म्हणणारी आजी, गावचा कीर्तनकार, मालवणी वा अहिराणी सहज बोलणारी वडील माणसे यांचा आवाज जतन करण्याचे काम भाषा आणि संगीत या विषयांचा कोणताही विद्यार्थी करू शकतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि १९९०च्या दशकात त्यांतील अनेक ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचावयास व ऐकावयास मिळतात. असे काम घरच्या घरी आरंभावयाचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो पैशाचा : खिशाला परवडेल असा कंडेन्सर माईक कोणता घ्यावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शक्य तितक्या क्रमाने करावयाचा आहे.

१. कंडेन्सर माईक म्हणजे काय?

दोन धातूचे पत्रे एकमेकांजवळ, पण स्पर्श न होता ठेवले आणि त्यांवर विद्युत्भार दिला की विद्युत्धारक, म्हणजेच कंडेन्सर तयार होतो. कंडेन्सर माईकमध्ये यांपैकी एक पत्रा स्थिर असतो आणि दुसऱ्याच्या जागी धातूचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा असतो. आवाजाच्या लहरींनी पडदा हलतो, दोहोंमधील अंतर कमीजास्त होते आणि त्याबरोबर विद्युत्दाबही बदलतो. हा बदल अतिशय क्षीण असल्यामुळे माईकच्या पोटातच एक लहानसा वर्धक बसवावा लागतो, आणि त्या वर्धकाला वीज लागते.

याउलट डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. तेथे बाहेरची वीज लागत नाही. पण वेटोळ्याचे ओझे पडद्याला वाहावे लागते. सूक्ष्म व जलद कंपने, उदाहरणार्थ तंबोऱ्याची जवारी किंवा तबल्याच्या चाटेवरील बोल, हलका पडदा अधिक नेमकेपणाने टिपतो. कंडेन्सरच्या लौकिकाचे मूळ येथे आहे.

वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील ई. सी. वेन्टे यांनी १९१६ साली या जातीचा माईक तयार केला. १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमन यांनी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. मात्र तो सामान्यांच्या आवाक्यात आला तो १९६२ नंतर. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेतील जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेसलर यांनी विद्युत्भार कायम धरून ठेवणारा पातळ पडदा वापरून 'इलेक्ट्रेट' माईक बनविला. आज कॉलरला लावावयाचे स्वस्त माईक याच कुळातले आहेत. इतकेच काय, आपल्या मोबाईलमधील इवलासा माईकही तत्त्वतः कंडेन्सरच असतो. तेव्हा खोक्यावर 'कंडेन्सर' हा शब्द छापलेला आहे, एवढ्यावरून गुणवत्तेविषयी काहीच सिद्ध होत नाही.

२. एक रूढ समज

'कंडेन्सर माईक खोलीतला सगळा गोंगाट ओढून घेतो' असे नेहमी ऐकू येते. यात तथ्य थोडे आहे. कंडेन्सरची संवेदनशीलता अधिक असते, हे खरे. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा कंडेन्सर माईक ठरावीक आवाजाला १४.१ मिलिव्होल्ट देतो, तर १९६६ सालापासून व्यासपीठांवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा डायनॅमिक माईक तेवढ्याच आवाजाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे फरक सुमारे साडेसात पट झाला. पण ही वाढ गायकाच्या आवाजाला आणि पंख्याच्या घरघरीला सारखीच लागू पडते. दोन्ही माईकची दिशाग्राहकता एक असेल आणि ते तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर आवाज व गोंगाट यांचे परस्पर प्रमाण जवळजवळ तेच राहते. फरक पडतो तो मुख्यतः दोन कारणांनी. डायनॅमिक माईक आपण ओठांशी धरतो आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतो, हे एक. आणि वरच्या पट्टीतील बारीक खुडबूड कंडेन्सर अधिक स्पष्ट टिपतो, हे दुसरे.

दिशाग्राहकता म्हणजे माईक कोणत्या बाजूचे ऐकतो ती रीत. हृदयाकृती माईक समोरचे अधिक आणि पाठीमागचे अगदी कमी ऐकतो. सर्वदिशी माईक चोहीकडचे ऐकतो. आठच्या आकड्याचा माईक पुढचे आणि मागचे ऐकून बाजूचे टाळतो. घरातल्या एका वक्त्यासाठी वा गायकासाठी हृदयाकृती माईक बरा, आणि त्याची पाठ खिडकीकडे किंवा पंख्याकडे करावी. जात्याभोवती दोघी-तिघी बसून गात असतील आणि खोली शांत असेल, तर सर्वदिशी माईक अधिक स्वाभाविक आवाज देईल.

३. माईकच्या आधी खोली

खोलीचे महत्त्व प्रथम गणिताने दाखविले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन यांनी. १८९५ साली फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द कळत नाहीत, म्हणून उपाय शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेजारच्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्यांची संख्या बदलून, घुमणारा आवाज विरावयास किती वेळ लागतो हे ते रात्री मोजत असत. त्यांतून निघालेले सूत्र सोपे आहे : खोलीचे घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले खोलीतील एकूण ध्वनिशोषण. उत्तर सेकंदांत येते.

आपण ते घरी लावून पाहू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर. भिंती, छत व जमीन मिळून क्षेत्रफळ ६६ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा शेकडा तीन भाग ध्वनी शोषतो असे धरले, तर एकूण शोषण सुमारे २ येते आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमण्याचा काळ जवळजवळ २.९ सेकंद निघतो. आता प्रत्येकी ४ चौरस मीटरच्या चार जाड गोधड्या भिंतींपासून थोड्या सुट्या टांगल्या आणि त्या मधल्या पट्टीतील निम्मा ध्वनी शोषतात असे मानले, तर शोषण १० च्या घरात जाते आणि काळ उतरतो ०.५८ सेकंदावर! गोधड्या घरच्याच असल्याने खर्च शून्य. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटविण्याची टूम मात्र सोडून द्यावी. पातळ पुठ्ठ्याने फारसे साधत नाही. खालच्या पट्टीतील घुमारा गोधड्यांनीही पुरता जात नाही. त्यासाठी खोलीचे कोपरे टाळून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर किंवा गाद्यांच्या चवडीजवळ बसावे.

४. माहितीपत्रकातील आकडे कसे वाचावेत?

पहिला आकडा स्वतःच्या खरखरीचा. एटी २०२० साठी उत्पादकाने तो २० डेसिबल दिला आहे. रोड कंपनीच्या एनटी१-ए या महागड्या माईकसाठी ५ डेसिबल. ऐकणाऱ्याला वाटेल की दुसरा घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पण मध्यरात्रीच्या शांत खोलीचा स्वतःचा आवाज ३० डेसिबल धरू. त्यात २० डेसिबलची खरखर मिळविली तर डेसिबलच्या रीतीने बेरीज होते ३०.४, ५ डेसिबलची मिळविली तर ३०च. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून हाती आले अवघे ०.४ डेसिबल. पंखा सुरू असेल तर खोलीचा आकडा ४० च्या पुढे सहज जातो आणि तेवढाही फरक उरत नाही.

याच्या शेजारी अंतराचा हिशेब मांडावा. सर्वसाधारण बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरते. अंतर निम्मे केले की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. ५० सेंटिमीटरवर ६६, २५ सेंटिमीटरवर ७२. खोलीचा गोंगाट मात्र जागच्या जागी राहतो. माईक वीतभर अंतरावर आणला की १२ डेसिबलचा फायदा फुकट पदरात पडतो. फार जवळही जाऊ नये. हृदयाकृती माईक ओठांशी आणला की खर्ज फुगतो आणि म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाजही अकारण भारदस्त वाटू लागतो.

दुसरा आकडा '२० ते २०,००० हर्ट्झ' हा. तो जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. आलेख सोबत नसेल तर त्याला फारशी किंमत देऊ नये. पुष्कळ स्वस्त माईकमध्ये वरची पट्टी मुद्दाम उचललेली असते. दुकानात पाच मिनिटे ऐकताना ती चकचकीत वाटते आणि घरी तासभर ऐकताना कान शिणवते.

तिसरा आकडा सहन होणाऱ्या कमाल आवाजाचा. एटी २०२० साठी तो १४४ डेसिबल आहे. ढोलकी वा तबला एवढा आवाज करीत नाहीत. माईक फाटण्याआधी पुढचा वर्धकच फाटतो. सबब तबल्यासाठी वर्धकाची पातळी उतरवून ठेवावी, एवढे पुरे.

५. वीज आणि जोडणी

खऱ्या स्टुडिओ-पद्धतीच्या कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट लागतात. ते त्याच तीन तारांच्या केबलमधून जातात, म्हणून या पुरवठ्याला 'फँटम पॉवर' म्हणतात. लॅपटॉपच्या गोल छिद्रातून मिळतात जेमतेम काही व्होल्ट. 'बीएम-८००' या नावाने मिळणारे अत्यंत स्वस्त माईक या छिद्रात खुपसून अनेक जण निराश होतात, त्याचे एक कारण हे. शिवाय अशा मोठ्या दांड्यात पुष्कळदा लहानशी इलेक्ट्रेट गुंडी बसविलेली असते. बाह्य आकारावर जाऊ नये.

मार्ग दोन आहेत. यूएसबी माईकमध्ये वर्धक आणि अंकीय रूपांतर दोन्ही आत असतात. एक केबल लावली की काम सुरू. एकट्या वाचकाला, श्राव्यपुस्तक करणाऱ्याला तो सोयीचा. पण आतला एक भाग बिघडला की सगळेच अडते. दुसरा मार्ग म्हणजे माईक वेगळा आणि फँटम पॉवर देणारा ऑडिओ इंटरफेस वेगळा. खर्च आरंभी अधिक. परंतु पुढे माईक बदलता येतो आणि पेटी व आवाज यांसाठी दोन माईक लावता येतात. खेड्यात जाऊन मुद्रण करावयाचे असेल तर ४८ व्होल्ट देणारा, सेलवर चालणारा रेकॉर्डरच हवा.

६. मराठी उच्चारांची कसोटी

माईकची परीक्षा आपल्याच भाषेवर घ्यावी. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत : 'चार' मधला तालव्य, 'चारा' मधला दंत्य, 'जीव' मधला तालव्य, 'जाते' मधला दंत्य. बोलींच्या अभ्यासकाला हा भेद मुद्रणात स्वच्छ उमटणे अगत्याचे आहे, आणि तो वरच्या पट्टीवर अवलंबून असतो. पट्टी दबलेली असेल तर भेद पुसट होतो. फार उचललेली असेल तर 'सासू', 'शेष' यांतील ऊष्म वर्ण कानाला टोचतात. 'भाकरी', 'फणस', 'पाऊस' हे शब्द म्हणून ओठांतली वाफ पडद्यावर किती आदळते तेही पाहावे. भरतकामाच्या रिंगेवर ताणलेले पातळ नायलॉन मध्ये धरले आणि माईक किंचित तिरपा ठेवला की हा दोष बहुतांशी जातो.

दोन माईकची तुलना करताना अंतर एकच ठेवावे, दोन्ही मुद्रणांची पातळी सारखी करावी आणि कोणते कोणाचे हे न सांगता मित्राला ऐकवावे. पातळी सारखी केली नाही तर जे मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते.

७. खर्चाची वाटणी आणि निगा

सर्व रक्कम माईकवर घालू नये. डुगडुगणारा स्टँड आणि सैल केबल यांनी चांगला माईकही वाया जातो. खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम खोलीची व्यवस्था, मग इंटरफेस किंवा रेकॉर्डर, दणकट स्टँड, केबल, बंदिस्त हेडफोन, आणि उरलेल्या पैशांत ज्ञात उत्पादकाचा, हमीपत्र व पावतीसह मिळणारा साधा हृदयाकृती माईक. नामांकित माईकच्या नकलाही बाजारात असतात, म्हणून फारच स्वस्त भेटल्यास सावध राहावे. खोली रस्त्यावर असेल आणि गोंगाट हटणारच नसेल, तर कंडेन्सरचा हट्ट सोडून डायनॅमिक माईक ओठांजवळ धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा या माईकचा मोठा वैरी. पडद्यावर दमट थर बसला की विद्युत्भार गळू लागतो आणि चरचर ऐकू येते. काम झाल्यावर माईक सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पडद्यावर फुंकर मारून तो तपासू नये.

समारोप

वरील हिशेब एकत्र मांडला तर निष्कर्ष उघड आहे. मध्यम किमतीचा साधा माईक, वीतभर अंतर, चार गोधड्या आणि बंद केलेला पंखा यांच्या बळावर ओवी, कथा वा बोली यांचे अभ्यासास पुरेसे मुद्रण घरात होऊ शकते. ते करताना गाणाऱ्याची संमती आधी घ्यावी. त्याचे नाव, गाव आणि तारीख मुद्रणाच्या आरंभीच बोलून ठेवावी. मूळ प्रत दोन ठिकाणी जपावी. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी व संगीत विभागांनी मिळून असा एक संच घेतला आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पाळीपाळीने दिला, तर खर्चाचा बोजा कोणा एकावर पडणार नाही. चांगला माईक पुढल्या वर्षीही विकत मिळेल. ऐंशी वर्षांच्या आजीचा गळा तोवर थांबेलच असे नाही. म्हणून निवड लवकर उरकावी आणि मुद्रणास लागावे.