लळा लागू दे

नाशिकरोड

चि. सोनू,


रजा संपवून कामावर रुजू झाल्यापासून तू रोज रडतेस आणि तू पर्स उचललीस की छकुली आकांत करते, असं तुझी आई सांगत होती. "फार अंगावरची करून ठेवलीस," असंही कुणी तुला ऐकवलं म्हणे. ते मनाला लावून घेऊ नकोस. लळ्याने मूल बिघडत नाही.

चार महिन्यांची असताना ती कुणाच्याही मांडीवर जायची. आता दहाव्या महिन्यात तिला कळू लागलंय की डोळ्यांआड गेलेली आई कुठेतरी आहे, आणि ती आपल्याला हवी आहे. रडणं त्या समजेतून येतं. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. आईच्या मायेला पारखी झालेली मुलं पोटभर खायला मिळूनही मनाने का कोमेजतात, हे त्यात मांडलं आहे. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने पुढे अमेरिकेत वर्षभराच्या मुलांना खेळण्यांच्या खोलीत ठेवून आईला काही मिनिटं बाहेर पाठवलं. मूल किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते कसं वागलं, याकडे तिचं बारीक लक्ष होतं. आईकडे झेपावणारं, कुशीत शांत होऊन पुन्हा खेळायला लागणारं मूल मनाने भक्कम. आई आली तरी तोंड फिरवून खेळत राहणारं, वरून शहाणं दिसणारं मूल आतून तितकं निर्धास्त नसतं. तेव्हा सकाळच्या रडण्यावरून स्वतःला दोष देऊ नकोस. संध्याकाळी तू दारात आल्यावर ती काय करते, ते बघ.

एक मात्र कटाक्षाने पाळ. तिची नजर चुकवून निघू नकोस. बालवाडीत दर जूनमध्ये मी हे पाहत आले. "तो बघ काऊ," म्हणून मुलाला खिडकीशी न्यायचं आणि आईने मागच्या मागे सटकायचं. मूल वळून बघतं तो आई नाही! मग ते दिवसभर दाराकडे बघत बसायचं. हातातला ठोकळा ना रचायचं, ना खाली ठेवायचं. सांगून जाणाऱ्या आईचं मूल जास्त मोठ्याने रडायचं, पण खाऊच्या वेळेपर्यंत वाळूत रमलेलं असायचं. तू निघताना तिला जवळ घे, "आई जाते आणि येते," म्हण आणि नीघ. दारात घुटमळू नकोस.

तुझ्या मनावर 'श्यामची आई'चं दडपण आहे, तेही मी ओळखून आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आई जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षं झाली होती, तरी कोठडीत ती त्यांच्या सोबतीला होती. लहानपणीची माया माणसाला अशी पुरते. पण त्यातली आई आठव. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीने मारून विहिरीवर धाडते आणि नंतर जवळही घेते. शिंपटी आज नको, पण रागावल्यावर पुन्हा जवळ घेणं मला फार मोलाचं वाटतं. तू कधी चिडलीस, दमून तिच्याकडे लक्ष दिलं नाहीस, तर जगबुडी होत नाही. मागाहून तिला उचलून घे.

आणि आईच्या मायेने सगळं साधतं, असंही मानू नकोस. इतकी माया मिळालेल्या गुरुजींना विषादाने सोडलं नाही. १९५० साली त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. एकट्या आईवर मुलाच्या मनाचा सगळा भार टाकणारी आपली रीत मला म्हणूनच पटत नाही. बाबा हवा, आजी हवी, पाळणाघरातली रोज तीच असणारी मावशी हवी. पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं बघू नकोस, माणसं टिकून आहेत का ते विचार.

तुला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बाया मांडवाच्या अँगलला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला निजवतात. त्यांच्यापर्यंत ती रजा पोचतच नाही, याची मला चीड येते. तुझा हक्क तरी तू सोडू नकोस. ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असतं. एचआरला लेखी विचार.

राहिलं तुझं रडणं. दोन आठवड्यांहून अधिक दिवस झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

जावईबापूंना सांग, छकुलीची आंघोळ आणि झोपवणं आजपासून त्यांच्याकडे. पहिले काही दिवस ती तुलाच हाक मारील. तू मध्ये पडू नकोस.

तुझी,
मावशी