सलगम केव्हां पेरावें ?

आमच्या वाशीम जिल्ह्यांत तुरीची पेरणी केव्हां करावी हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु परसांतील वाफ्यांत सलगमाचें बीं केव्हां टाकावें, असें विचारल्यास कोणी म्हणतो दसऱ्यास, तर कोणी म्हणतो पुडीवर छापलें असेल त्याप्रमाणें. या दोन्ही उत्तरांचा विचार करूं.

प्रथम पिकाचा स्वभाव पाहूं. सलगम मुळ्याप्रमाणेंच मोहरीच्या कुळांतलें असून त्यास थंडी मानवते. पेरणीपासून सुमारें ४५ ते ६० दिवसांत कंद तयार होतो. कंद भरतांना हवा थंड असली तर तो गोड व कोवळा राहतो. ऊन तापलें तर तिखट व रेषाळ होतो. म्हणून पेरणीचा दिवस ठरवितांना कंद भरण्याच्या दिवसांवरून मागें मोजीत यावें.

इंग्लंडांतील उन्हाळा सौम्य असतो. अठराव्या शतकांत नॉरफॉक परगण्यांत टाउनशेंड (१६७४–१७३८) या सरदारानें सलगमाच्या लागवडीस उत्तेजन दिलें. तेथें तें उन्हाळ्यांत पेरून हिवाळ्यांत गुरामेंढरांस चारीत. आम्हीं तेथील महिना पाहून पेरलें, तर बीं आमच्या मुसळधार पावसांत सांपडेल. पुडीवरचा महिना कोणत्या प्रदेशासाठीं आहे, हें आधीं पाहावें.

आतां दसरा. हा सण चांद्रमासानें येतो, म्हणून त्याची तारीख मागेंपुढें सरते. २०२३ सालीं दसरा २४ ऑक्टोबरला आला, तर २०२५ सालीं २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा हा फरक लहान नव्हे ! सूर्याचीं नक्षत्रें मात्र दरवर्षीं जवळजवळ त्याच तारखेस लागतात. आमचा शेतकरी मृगाची वाट पाहतो तो याचमुळें. चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास लागतें व स्वाती २४ च्या सुमारास. या दोन नक्षत्रांत पेरलेल्या सलगमाचा कंद थंडींत भरतो.

तथापि नक्षत्र लागलें म्हणजे लगेच बीं टाकावें असें नव्हे. आमची काळी जमीन पाणी फार धरून ठेवते. चिखलांत टाकलेलें बीं कुजतें. मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानें फुटला, तर वाफसा आला असें समजावें. मग एकेक फुटावर ओळी आंखून अर्धा इंच खोल बीं पेरावें व उगवल्यावर चार-चार बोटांवर एक रोप ठेवून विरळणी करावी. रोपें उपटून दुसरीकडे लावूं नयेत. कंद वेडेवांकडे होतात.

विद्यार्थी मित्रहो, एकाच दिवशीं सारी पुडी रिकामी करूं नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें तीन वाफे पेरा, प्रत्येकाची तारीख वहींत लिहा आणि तिन्हींची भाजी घरीं चाखून पाहा. पालकांनींही मुलांस एवढी जागा अवश्य द्यावी. पुढील वर्षीं केव्हां पेरावें, याचें उत्तर मग तुमच्याच वहींत असेल.