योआशाची पेटी आणि आपली जुनी प्रार्थनामंदिरे

शास्त्रपाठ : २ राजे १२:४-१६, २ इतिहास २४:४-१४, नहेम्या, अध्याय ३.

आपल्या ग्रामीण मंडळ्यांपैकी पुष्कळांचे पहिले उपासनामंदिर म्हणजे शाळेचीच इमारत होती. आठवडाभर तेथे मुले पाटी घेऊन बसत व रविवारी त्याच जमिनीवर सतरंजी अंथरून भजन व उपदेश होई. रॉयल गोल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले, तेव्हापासून ह्या प्रांतात जे काम झाले त्याचा बराच भाग अशा कौलारू घरांतून झाला. आता त्यांपैकी कित्येक घरांची दशा शोचनीय आहे. शाळा बंद पडली, तरुण मंडळी पुण्यामुंबईकडे गेली, वासे वाळवीने पोखरले, आणि पावसाळ्यात पाळकांस कोरडी जागा पाहून उभे राहावे लागते. अशा वेळी मंडळीच्या सभेत तीन मते निघतात : पाडून नवे बांधावे, जागा विकून टाकावी, किंवा पुढील वर्षी पाहू. तिसऱ्या मताचाच बहुधा जय होतो. ह्याच प्रश्नाला धरून प्रस्तुत पाठ योजिला आहे.

योआश राजाच्या वेळी यरुशलेमातील मंदिरास शलमोनाच्या काळानंतर पुष्कळ वर्षे लोटली होती. इतिहासकार सांगतो की, दुष्ट अथल्येच्या मुलांनी मंदिराची मोडतोड केली होती व तेथील समर्पित वस्तू बआलमूर्तींच्या कामी लावल्या होत्या. राजाने याजकांस आज्ञा केली की, प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या लोकांकडून पैसा घ्यावा व मंदिरात जेथे जेथे मोडले असेल तेथे तेथे दुरुस्ती करावी. आज्ञा चांगली होती. परंतु योआशाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी एकही भेग बुजली नव्हती.

येथे वर्गास थांबवून विचारावे : पैसा कोठे गेला? याजकांनी तो चोरला असे शास्त्र कोठेही म्हणत नाही, आणि जेथे शास्त्र गप्प आहे तेथे आपण आरोप करू नये. घडले ते इतकेच की, घेणारा, ठेवणारा व खर्च करणारा हे तिन्ही एकच होते. अशी व्यवस्था प्रामाणिक मनुष्याच्या हातीही कुजते. आज घरात आजारीपण आहे, उद्या शाळेची फी आहे; मंदिराचा पैसा दोन दिवस वापरला तर काय बिघडले, पुढील महिन्यात भरून काढू. असे करता करता तेवीस वर्षे जातात. देणाऱ्याच्याही हे ध्यानात येते. मग तो तोंडाने काही बोलत नाही, पण खिशातील हात बाहेर काढीत नाही. आपल्या मंडळ्यांत लोक देत नाहीत अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुत वेळा हीच गोष्ट असते.

राजाने तेव्हा कोणास शिक्षा केली नाही. त्याने दुरुस्तीचे काम याजकांकडून काढून घेतले. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले व ती मंदिरात शिरणाऱ्याच्या उजव्या हातास वेदीजवळ ठेविली. इतिहासाच्या पुस्तकात ती दाराबाहेर ठेविल्याचे सांगितले आहे. पेटी सर्वांच्या डोळ्यांपुढे होती, हे मात्र दोन्ही ठिकाणी स्पष्ट आहे. पैसा पुष्कळ झाला म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजीत, थैल्यांत बांधीत व कामावरील देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. त्यांच्याकडून तो सुतारांस, गवंड्यांस, पाथरवटांस आणि लाकूड व घडीव दगड ह्यांच्या खरेदीस जाई.

ह्या वृत्तांतातील तीन बारीक गोष्टी उपदेशकांनी अवश्य पाहाव्यात. पहिली ही की, दोषार्पणाचा व पापार्पणाचा पैसा ह्या पेटीत घालीत नसत. तो याजकांचा असे. म्हणजे इमारतीच्या फंडासाठी पाळकाचे वेतन कापू नये. छप्पर नवे व्हावे आणि त्याच वर्षी पाळकाच्या घरची चूल विझावी, अशी दुरुस्ती देवास आवडत असेल असे आम्हांस वाटत नाही. दुसरी ही की, काम चालू असता त्या पैशातून रुप्याची पात्रे केली नाहीत. दुसऱ्या पुस्तकावरून दिसते की, काम पुरे झाल्यावर जे उरले त्यातूनच ती केली. आपल्याकडे याच्या उलट चालते. कौले गळत असता आधी मोठे ध्वनिक्षेपक येतात.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. कामावरील माणसांकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत, असे तेथे म्हटले आहे. ह्या वचनाचा आधार घेऊन हिशेबाची मागणी करणाऱ्या भावास अविश्वासी ठरविण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. परंतु पैसा दोघांनी मोजून, थैलीत बांधून मगच त्यांच्या हाती गेला होता, हे विसरून कसे चालेल? जेथे मोजणी आधी चोख होते, तेथे मागाहून गवंड्याच्या पाठीस लागावे लागत नाही.

आता आपल्याच प्रांतातील एक दाखला पाहू. तो नाटकगृहाचा आहे, म्हणून आमच्या काही वृद्ध वाचकांच्या कपाळास आठी पडेल. त्यांनी तो इमारतीचा दाखला म्हणून वाचावा. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानालगत जे नाटकगृह बांधविले, ते १९१५ साली पूर्ण झाले. प्रथम त्याचे नाव पॅलेस थिएटर असे होते. पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले ह्यांचे नाव त्यास देण्यात आले. तारीख ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यास भयंकर आग लागली. छप्पर, रंगमंच व आसने जळाली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या दिवशी कलावंत व रसिक त्या जळक्या भिंतींपुढे जमले आणि नाटकगृह जसे होते तसेच पुन्हा उभारावे, अशी मागणी त्यांनी केली. शासनाने त्यासाठी कोट्यवधी रुपये जाहीर केले व पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

ही इमारत राजाने बांधली होती व ती महानगरपालिकेच्या मालकीची आहे. त्या दिवशी रडणाऱ्यांपैकी कोणाच्याही नावावर तिची एक वीट नव्हती. तरी ते आले, कारण त्यांच्यापैकी कोणी तेथे पहिल्यांदा तोंडास रंग लावला होता, तर कोणी बापाचा हात धरून तेथे पहिले नाटक पाहिले होते. वापरातील घरास असे पुष्कळ धनी असतात. कुलूप लावलेल्या घरास एकच धनी असतो आणि तोही पुष्कळदा परगावी असतो.

केशवरावांविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्यांची नाटकमंडळी व बालगंधर्वांची नाटकमंडळी ह्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग केला व त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास दिले. चढाओढ असणाऱ्यांनी एका कामासाठी एका रंगमंचावर उभे राहावे, हे जगातील नटांस साधले. एकाच तालुक्यातील आपल्या दोन मंडळ्यांस एका छपरासाठी मिळून कापणीचा सण करता येऊ नये काय?

कोल्हापूर शहरात फिरताना पेठापेठांतून तालमी दिसतात, त्यांकडेही पाहावे. मूळ त्या कुस्तीच्या. गंगावेस व मोतीबाग येथे आजही पैलवान लाल मातीत उतरतात. परंतु पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा कित्येक तालमींची नावे आज फुटबॉलच्या संघांमुळे गावभर दुमदुमतात. गणेशोत्सव, सभा, मदतकार्य हे सर्व तालमीच्याच आश्रयाने चालते. घर जुने, काम नवे, आणि खर्चास पेठेची लोकवर्गणी. पुण्यातही असेच उदाहरण आहे. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा पुढील भाग जळाला, तेव्हा लोकांची वर्गणी व नगरपालिकेचा पैसा मिळून तो पुन्हा उभा राहिला.

ह्याच्या उलट उदाहरण मनास फार लागते. पुण्यातील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली. त्यापूर्वी अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्यांची कन्याशाळा जोतीरावांनी पाहिली होती; म्हणून ह्या वाड्याशी आपलाही थोडा संबंध पोहोचतो. वाडा जीर्ण होत गेला, मालकी व भाडेकरू ह्यांचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारक बांधण्यासाठी म्हणून, तो जमीनदोस्त करण्यात आला. स्मारक होईल ते चांगलेच होईल, पण ज्या भिंतींनी त्या मुलींचे पहिले धडे ऐकले त्या आता परत येणार नाहीत.

तेव्हा वर्गणी मागण्यापूर्वी मंडळीने हे ठरवावे की, घर दुरुस्त झाल्यावर सोमवार ते शनिवार त्यात काय चालेल. संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग, बायकांचा शिवणवर्ग, लहानसे वाचनालय, महिन्यातून एकदा दवाखाना, जे गावास हवे असेल ते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या लोकांस कळले आहे की, उंचावरील एक मजबूत घर किती उपयोगी पडते. ज्या घराचा उपयोग साऱ्या गावास आहे, त्यासाठी शेजारचा अख्रिस्ती बंधूही चार पोती वाळू आणून टाकतो.

दुरुस्तीविषयी थोडे लिहितो. प्रथम पाणी थांबवावे. म्हणजे कौले, पन्हळी, व भिंतीच्या पायाशी साचणारी पागोळी ह्यांची व्यवस्था करावी. रंगरंगोटी शेवटी. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊ नये. अशी भिंत ओल घेते व सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आत राहते आणि दोनचार पावसाळ्यांत वीट झडू लागते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यास वेळ लागेल, तो द्यावा. गवंडी व सुतार ह्यांच्याकडून लेखी अंदाज घेतल्याशिवाय लोकांपुढे आकडा ठेवू नये.

समजा, अंदाज तीन लाखांचा निघाला व मंडळीत साठ घरे आहेत. दर घरी पाच हजार, असा भाग पाडणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. एका घरी दोघे पगारदार आहेत आणि दुसऱ्या घरी विधवा दुसऱ्याच्या शेतात भांगलणीस जाते. नहेम्याने भिंत कशी वाटून दिली ते पाहावे : पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला, सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारे होते, शल्लूमाच्या मुलीही होत्या. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र मान लवविली नाही, हेही लिहून ठेविले आहे. त्याप्रमाणे कोणी एक दाराची चौकट घ्यावी, कोणी शंभर कौले. कोणी आठ दिवस मजुरी द्यावी. स्वयंपाकाच्या वेळी रोज मूठभर धान्य बाजूस काढणारी बहीण वर्षाअखेर काय जमविते, हे मोजून पाहणाऱ्यास आश्चर्य वाटेल. शहरात गेलेल्या मुलांस पत्र लिहावे व पत्रासोबत अंदाजाची प्रत पाठवावी.

पेटीस दोन कुलुपे असावीत व किल्ल्या दोन वेगळ्या घरी असाव्यात. बँकेतील खाते दोघांच्या सहीचे असावे. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक छापलेले असावेत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवावा, मग त्या महिन्यात जमा शून्य का असेना. इमारत ज्या संस्थेच्या नावावर आहे तिची लेखी संमती आधी घ्यावी. आणि कोणी विक्रीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची गोष्ट काढील, तर त्यास सांगावे की, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही.

हे शेवटचे उगाच लिहिले नाही. योआशाच्या कथेचा पुढचा भाग आपल्या वर्गांत बहुधा वाचीत नाहीत. अरामाचा राजा हजाएल चालून आला, तेव्हा ज्या योआशाने पेटी ठेवविली त्यानेच मंदिरातील समर्पित वस्तू व भांडारातील सोने काढून त्यास देऊन टाकले. यहोयादा तोवर मरण पावला होता. त्याच्या मागे राजास अडविणारा त्याचा पुत्र जखऱ्या उरला होता, पण त्यास राजाच्याच आज्ञेने मंदिराच्या अंगणात दगडमार करण्यात आली. जमविणाऱ्याच्या हातूनच घर रिकामे होऊ शकते. म्हणून किल्ल्या दोन घरी.

पुढील रविवारी उपदेशकांनी हा पाठ घेताना वर्गास इमारतीबाहेर न्यावे व चारी भिंतींभोवती फिरवावे. कोठे ओल आहे, कोठला वासा वाकला आहे, हे मुलांकडून लिहून घ्यावे. मंडळीतील सर्वांत वृद्ध मनुष्यास विचारावे की, हे घर कोणी बांधले, दगड कोठून आणला, येथे पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला. तो सांगेल ते त्याच वहीत उतरावे. मग आत येऊन जुने कपाट उघडावे. योशीयाच्या वेळी मंदिराची दुरुस्ती चालली असताच हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला होता. आपल्या कपाटात बाप्तिस्म्याची, विवाहांची व सभांच्या ठरावांची जुनी पुस्तके असतील. ती उन्हाच्या सावलीस झटकून, वाळवी लागली असल्यास वेगळी करून, कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी व त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी.