सगळ्यात हळू बोलणाऱ्या आजीसाठी

नवी मुंबईतल्या करावे गावातल्या जुन्या माणसांना एकत्र बसवायचं, बोलतं करायचं आणि ते सगळं शब्दन् शब्द लिहून काढायचं हे तू मनावर घेतलंस, पोरी, मला फार बरं वाटलं. नवं शहर वसवायला सिडको आली १९७० साली, आणि गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा उरणकडे पोलिसांचा गोळीबार झाला १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. तेव्हा विशीत असलेली पोरं आज साठी ओलांडून गेलीत. त्यांच्या आया, ज्यांनी मिठागरं आणि खाजणं स्वतः पाहिली, त्या आता बोलतात तेही हलक्या आवाजात. म्हणून काम लवकर कर, पण रेकॉर्डरच्या दुकानात जायची घाई करू नकोस.

तू विचारलंस, किती पैसे घालू. आधी एक कसोटी ठरव. घोळक्यात सगळ्यात लांब बसलेली, सगळ्यात हळू बोलणारी जी आजी असेल, तिचा प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी ऐकताना कळला पाहिजे. मोठ्या आवाजाचे काका कुठल्याही मोबाईलवर नीट येतात. त्यांच्यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. गटचर्चेचं लिखाण नेहमी हळू बोलणाऱ्यांपाशी अडतं आणि तिथे कंसात ‘अस्पष्ट’ असं लिहावं लागतं. आणि हळू बोलणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात. त्यांचंच बोलणं गाळलं गेलं तर त्या कागदाचा उपयोग काय?

तर पहिल्यांदा हातातल्या मोबाईलचीच परीक्षा घे. सोसायटीतल्या सात-आठ जणींना गोल बसव, मध्ये पाटावर टॉवेलची घडी ठेव, तिच्यावर मोबाईल. खालच्या कडेला माईकचं भोक असतं, ते झाकलं जाऊ देऊ नकोस. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर मधेच फोन येतो आणि काही मोबाईलवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. सगळ्यात लांबच्या बाईला पेपरमधली बातमी नेहमीच्या आवाजात वाचायला सांग. एकदा पंखा चालू ठेवून, एकदा बंद करून. मग ते स्पीकरवर ऐकू नकोस, कानात इअरफोन घालून ऐक. लिहिणारा माणूस तसंच ऐकणार आहे.

यात एक गोष्ट तुझ्या लगेच ध्यानात येईल. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पंख्याचा, रस्त्याचा, भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून महागडा माईक दहा फुटांवर ठेवण्यापेक्षा साधा माईक तीन फुटांवर ठेवलेला केव्हाही चांगला. माणसं जवळ बसवायला पैसे लागत नाहीत. खुर्च्या काढून सतरंजी घाल. सतरंजीवर माणसं आपोआप सरकून जवळ येतात आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची खरखरही जाते. आठांहून जास्त जण जमले तर दोन बैठका कर.

जागेचंही तेच. आपल्या सीवूड्सच्या सोसायट्यांची क्लबहाउसं दिसायला छान असतात, पण खाली टाईल्स, बाजूला काच, वर उंच छत. तिथे आवाज इतका घुमतो की शब्दांचे काठच राहत नाहीत. स्टेशनजवळ लोकलचा आवाज, पाम बीच रोडच्या बाजूला गाड्यांचा. पावसाळ्यात पत्र्याखाली तर बसूच नये. कोणाच्या घरातली गाद्या, उशा आणि पडदे असलेली आतली खोली मिळाली तर तीच घे. फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवायला सांग, कुकर लावू नका म्हणावं, आणि चहा बैठक संपल्यावर. कपबशीचा आवाज माईकच्या शेजारी झाला की त्या क्षणी बोललेलं वाक्य गेलं म्हणून समज.

एवढं करूनही मोबाईल कमी पडला तरच खरेदीला जा. पहिले पैसे हेडफोनवर घाल. कान पूर्ण झाकणारा, वायरचा, साधा. लिहून काढताना तो तास न् तास डोक्यावर असणार, तेव्हा दुकानात चढवून बघ. त्यानंतर रेकॉर्डर. त्यात मी चार गोष्टी बघते. साध्या एएए सेलवर चालावा, म्हणजे गावातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणता येतात. मेमरी कार्ड घालता यावं. बाहेरचा माईक लावायला भोक असावं. आणि वेव्ह फाईल करता यावी. सोनीच्या आयसीडी-पीएक्स ४७० सारख्या छोट्या रेकॉर्डरमध्ये हे सगळं येतं, शिवाय तो थेट कॉम्प्युटरच्या यूएसबीत खुपसता येतो. विशेष काही लागत नाही.

झूमचा एच१एन पुष्कळ जण सुचवतील. चांगला आहे, पण त्याचे दोन माईक एकमेकांवर काटकोनात बसवलेले आहेत आणि ते समोरचं जास्त पकडतात. गोलात बसलेल्यांपैकी मागची माणसं फिकी येतात. टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्सचे माईक सगळीकडून सारखं ऐकतात, तो गोलासाठी बरा. झूमचा एच२एन तर चहूबाजूंनी घेण्यासाठीच केलेला. कोणाकडे वापरलेला मिळाला आणि सेलचा कप्पा गंजलेला नसला तर घे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर स्वतःचा हेडफोन बरोबर ने आणि तिथल्या गलक्यातच रेकॉर्ड करून ऐक. गलक्यात शब्द वेगळे कळले तर घरात कळतीलच.

कॉलरला लावायचे माईक घेऊ नकोस. एकट्याच्या मुलाखतीला ते उत्तम, पण आठ जणांत दोघांनाच लावलेस तर बाकी सहा जण पाहुणे ठरतात. शिवाय पदराची सळसळ आणि गळ्यातलं वाजणं शब्दांवर बसतं. नॉइज कॅन्सलेशन म्हणून जे विकतात त्यालाही भुलू नकोस. यंत्राला पंखा आणि हळू बोलणारी आजी यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. ती सोय बंद करता येत असेल तर बंद कर. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोयही शक्य असेल तर काढ. कोणी गप्प झालं की ती पंखाच मोठा करून ठेवते. पातळी हाताने लाव. मोठ्याने हसलं तरी काटा लाल रेषेला टेकू नये आणि साधं बोलणं उणे बारा डेसिबलच्या आसपास राहावं.

स्टिरिओ फाईल आहे तशीच ठेव, जागा वाचवायला मोनो करू नकोस. हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज डावीकडून येतो, त्यावरून कोण बोललं हे ओळखता येतं. गटचर्चेत निम्मी डोकेदुखी तीच असते. तासाभराची १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाईल साधारण ६३५ एमबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पन्नास तासांच्या आसपास मावतं. कार्ड फार महाग नसतं, तेव्हा इथे कंजुषी नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून मूळ बोलणं कधी पाठवू नकोस, त्यात आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा पेनड्राइव्हवर दे.

रेकॉर्डर आला तरी मोबाईल घरी ठेवायचा नाही. तो गोलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दे. दोन्ही सुरू झाले की एकदा मोठ्याने टाळी वाजव, पुढे दोन फाईली त्या टाळीवर जुळवता येतात. मग प्रत्येकाने आपलं नाव आणि रेकॉर्डिंगला हरकत नाही एवढं बोलावं. तीच संमती, आणि तोच आवाजाचा नमुना. बरोबर एक मैत्रीण ने. तिने वहीत कोण कुठे बसलंय याचं चित्र काढायचं आणि बोलणारा बदलला की त्याचे पहिले दोन शब्द टिपायचे. या वहीची किंमत पंचवीस रुपये असेल, पण रेकॉर्डरपेक्षा अशा वहीनेच माझं लिहून काढायचं काम जास्त सोपं केलंय.

हल्ली यंत्रं मराठी लिहून देतात. छापील मराठीसारखं बोलणाऱ्याला ती बऱ्यापैकी पकडतात. पण आगरी बोलीत गाडीची गारी होते, पाण्याचं पानी होतं, चर्चेत निवटी, खुबे, डोल जाळं असे मासळीचे शब्द येतात, आणि चार जण एकदम बोलतात. तिथे यंत्र आपल्या मनाचं काहीतरी लिहून मोकळं होतं. ते कच्चा खर्डा म्हणून वापर, पण कानाने तपासल्याशिवाय एक ओळही ठेवू नकोस. गटचर्चेच्या एका तासाला लिहायला सहा-आठ तास धर. पायाने चालवायचं पेडल मिळालं तर हात कीबोर्डवरून उठत नाहीत. ती मात्र खरी चैन, आणि मी ती तुला करायला सांगेन.

चांगलं रेकॉर्डिंग कसं असतं ते कानावर असावं म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात केलेली रेकॉर्डिंगं ऐक. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्याही. एक लाखाहून जास्त ओव्या बायकांच्या तोंडून लिहून घेतल्या गेल्या, आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल आल्यावर पुष्कळ ओव्या आवाजातही साठवल्या गेल्या. आज ओवीचा मजकूर आणि ती गाणाऱ्या बाईचा आवाज दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. म्हणून लिहून झालं की फाईल पुसायची, असं तू करू नकोस. एक प्रत स्वतःकडे, दुसरी वेगळ्या घरात, तिसरी ज्यांनी सांगितलं त्यांच्या नातवंडांकडे. नावात तारीख, गाव आणि बैठकीचा क्रमांक घाल.

पहिली बैठक झाली की लगेच दुसरी ठरवू नकोस. पहिल्यातली कुठलीही मधली दहा मिनिटं स्वतः लिहून काढ. ‘अस्पष्ट’ कुठे कुठे आलं ते चित्रावर त्या त्या माणसाच्या जागेवर खूण कर. खुणा सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर रेकॉर्डर त्या बाजूला सरकव. चहूकडे पडल्या तर खोली बदल. आणि त्यानंतरही राहिल्या, तरच माझ्याकडे ये, आपण दोघी लॅमिंग्टन रोडला जाऊ.