जन्मदाखला: कोणता वॉर्ड, किती खर्च

मुंबईत जन्मदाखल्याच्या कामात सर्वांत जास्त सुट्ट्या वाया जातात त्या चुकीच्या वॉर्डात रांग लावल्यामुळे. नोंद आपल्या राहत्या पत्त्यावर होत नाही, बाळ जिथे जन्मलं तिथे होते. घर बोरिवलीत असलं तरी बाळंतपण कूपर रुग्णालयात झालं असेल तर बोरिवलीच्या आर मध्य वॉर्डाचा नाद सोडा, नोंद अंधेरीच्या के पश्चिमकडे आहे. राजावाडी रुग्णालयातला जन्म घाटकोपरच्या एन वॉर्डात, मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयातला टी वॉर्डात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे स्टेशनच्या दोन्ही बाजूंना वॉर्ड एकच. अंधेरीत मात्र रेल्वे रूळ ही हद्द आहे: पश्चिमेला के पश्चिम, पालीराम पथावर, पूर्वेला के पूर्व, गुंदवलीत आझाद रोडवर. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्यामुळे मुलुंडमध्ये वाढलेल्या मुलाचा दाखला सांगलीच्या महापालिकेत किंवा एखाद्या ग्रामपंचायतीत निघाला तर नवल नाही.

आता पैसे. जन्मानंतर 21 दिवसांत नोंद झाली तर ती फुकट, आणि पहिली प्रतही फुकट. हे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. रुग्णालयात किंवा नर्सिंग होममध्ये जन्म झाला असेल तर वॉर्डाला कळवण्याची जबाबदारी त्यांची. 'दाखल्याचं काम करून देतो' म्हणून बिलात वेगळी रक्कम दिसली तर ती कशाची, हे जरूर विचारा. पुढच्या प्रतींना शुल्क लागतं, त्याचा दर नागरी सुविधा केंद्रातल्या फलकावर असतो. तिथल्या पावतीवर छापलेल्या रकमेपलीकडे कुणालाही काही द्यायचं नसतं. शाळा, पासपोर्ट, परदेशी व्हिसा धरून चार-पाच प्रती एकदमच घ्या.

खरी मेहनत करायची ती नर्सिंग होमच्या फॉर्मवर. घरचे सगळे पेढ्यांच्या गडबडीत असताना कुणीतरी तो फॉर्म पुढे करतं आणि बाप न वाचता सही ठोकतो. दाखला मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत येतो. त्यामुळे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, आईचं नाव लग्नाआधीचं की नंतरचं, आई-वडिलांची आधारवरची नावं, सगळं अक्षर अक्षर ताडून पाहा. आणखी एक: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्य सरकारच्या निर्णयानुसार बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. थोरल्या भावंडाचा दाखला समोर ठेवून धाकट्याचा फॉर्म भरणारे इथे हमखास अडकतात.

बारसं बाराव्या दिवशी आणि फॉर्म त्याच्या आधीच वॉर्डात गेलेला, म्हणून कित्येक नोंदींत नावाची जागा कोरी राहते. घाबरू नका. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. चूक दुरुस्त होते, पण मूळ मजकूर खोडला जात नाही, समासात दुरुस्तीची नोंद केली जाते. एकदा घातलेलं नाव पुढे ज्योतिषाच्या सल्ल्याने बदलणं ही दुरुस्ती नव्हे. त्या वाटेला न गेलेलंच बरं.

उशीर झाला तर? 21 ते 30 दिवसांत किरकोळ विलंब शुल्क. राज्याच्या 2000 सालच्या नियमांत ते 2 रुपये होतं, वर्षापर्यंत 5 आणि वर्षानंतर 10. यावरून एवढं लक्षात येईल की उशिराचा खरा खर्च शुल्काचा नाही, खेपांचा आहे. 30 दिवस उलटले की वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने यासाठीची नोटरीची अट काढली आणि स्वसाक्षांकित कागद पुरेसा ठरवला. वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर जातं. तेव्हा आपला तालुका माहीत असू द्या: मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके आहेत, आणि घाटकोपर, मुलुंड दोन्ही कुर्ल्यात मोडतात. मालेगावसह काही ठिकाणच्या संशयास्पद दाखल्यांवरून 2025 मध्ये गदारोळ झाल्यापासून राज्यात उशिराच्या नोंदींची पडताळणी बरीच कडक झाली आहे. 'आठवड्यात करून देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

प्रतिज्ञापत्र मागितलं की बाहेरच्या टपरीवर 500 रुपयांचा स्टँप पेपर पुढे केला जातो. तो घ्यायची गरज नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ही माफी सरकारने कितीदा सांगितली तरी टपऱ्या चालूच आहेत, कारण खिडकीवरचा माणूसच कधी कधी 'स्टँपवर आणा' म्हणतो. तसं म्हणाला तर ते लेखी मागा.

आजी-आजोबांचा दाखला काढताना आधी नकाशा आठवा. मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्याआधी बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये जन्मलेलं माणूस महापालिकेच्या हद्दीत जन्मलेलंच नाही. नोंद सापडली नाही तर नुसतं 'नाही' ऐकून परत फिरू नका, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मागा. अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांना नेमका तोच कागद उपयोगी पडतो, सोबत शाळेचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. परदेशासाठी कागदावर अपोस्टिलचा शिक्का हवा असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला 50 रुपये. त्याआधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मध्ये नेमलेल्या एजन्सीचं सेवाशुल्क, एवढंच काय ते वर. हजारोंचं कोटेशन आलं तर प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा.

मुळात दाखला लागतो का, हेही पाहा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्डही चालतं, तेव्हा केवळ पासपोर्टसाठी साठीतल्या माणसाला जुन्या वह्यांच्या मागे लावण्यात अर्थ नाही.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारखेसकट. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली जन्मदाखला ही मुदतीत द्यायची सेवा आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीही करता येत नाही.